काम सांगणे, किल्ली देणे

सरकारी कोषालयात उभी हयात घालवलेल्या माणसाला लोक हिशेबनीस समजतात. वस्तुतः हिशेब ठेवणारे त्या कचेरीत पुष्कळ असतात. अधिकाऱ्याच्या वाट्याला जी गोष्ट येते आणि जी कोणावर ढकलता येत नाही, ती म्हणजे किल्ली. मध्यप्रदेशातील चार-पाच जिल्ह्यांच्या कोषालयांत माझी नोकरी झाली, आणि त्या सर्व वर्षांत किल्लीची काळजी कधी सुटली नाही. निवृत्तीनंतर इंदुरास स्वस्थ बसलो असताना पुन्हा किल्लीविषयी विचार करण्याची वेळ येईल, असे वाटले नव्हते. ती आली, आणि तीही एका अशा खजिन्याच्या निमित्ताने की ज्याला भिंती नाहीत, दार नाही आणि पहारेकरीही नाही.

प्रथम जुन्या खजिन्याची रीत सांगतो, कारण पुढील सारे तिच्यावर आधारलेले आहे. कोषालयातील भक्कम खोलीत आमच्या काळी रोकड फारशी नसे. तो व्यवहार बँकेकडे गेला होता. पण मुद्रांकांचा साठा, न्यायालयाने ठेवायला दिलेले दागिने, परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांची लाखबंद पाकिटे, इतर कचेऱ्यांच्या जोडकिल्ल्या असा ऐवज तेथे असे. दाराला कुलपे दोन. एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. आमच्याकडे त्याला खजांची म्हणत. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे, आणि उघडले की नोंदवहीत वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या पडत. बदली झाली की किल्ली कोणी कोणाकडे सोपवली याचा दाखला लिहिला जाई. या पद्धतीला ‘दुहेरी कुलूप’ म्हणतात.

नोकरीच्या आरंभी मला ही सारी कवायत वाटे. पुढे उमगले की, हे नियम करणाऱ्यांना माणसांच्या स्वभावाविषयी तक्रार नव्हती. त्यांनी दोन गोष्टींमधला भेद ओळखला होता. एखाद्याला काम सांगणे ही एक गोष्ट आणि त्याला किल्ली देणे ही दुसरी. शिपायाला आपण मुद्रांकांचा गठ्ठा आणायला सांगतो. पण त्यासाठी त्याच्या हाती किल्ली देत नाही. दार आपण उघडतो, गठ्ठा मोजून त्याच्या हाती देतो, दार आपण लावतो. त्याचे काम होते आणि किल्ली आपल्याकडेच राहते.

आता नव्या खजिन्याकडे वळतो. क्रिप्टो चलन हा शब्द आता आपल्या घरांतूनही ऐकू येतो. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोणा अज्ञाताने ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची कल्पना एका छोट्या निबंधात मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन हे पहिले चलन प्रत्यक्ष सुरू झाले. २०१५ मध्ये इथेरियम नावाची दुसरी मोठी व्यवस्था आली. तिच्या नाण्याला इथर म्हणतात. या व्यवस्थांत बँक नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खतावणी ठेवलेली असते आणि कोणत्या पत्त्यावर किती नाणी जमा आहेत हे तीत लिहिलेले असते. ती खतावणी कोणालाही वाचता येते. तीत खर्च टाकण्याचा अधिकार मात्र ज्याच्याकडे त्या पत्त्याची किल्ली असेल त्यालाच असतो.

‘वॉलेट’ म्हणजे पाकीट हा शब्द येथे फसवा आहे. त्या पाकिटात नाणी नसतात. नाणी खतावणीत असतात. पाकिटात असते ती केवळ किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती लक्षात राहणार नाही आणि उतरवून घेताना चुकेल, म्हणून २०१३ साली एक युक्ती निघाली. २०४८ सोप्या शब्दांची एक यादी ठरवली गेली आणि तीतील बारा किंवा चोवीस शब्द ठराविक क्रमाने लिहिले की त्यांतून किल्ली पुन्हा निर्माण करता येते. शब्दांतून किल्ली निघते आणि किल्लीतून पत्ता निघतो. पत्त्यावरून किल्लीकडे मात्र परत जाता येत नाही. म्हणजे पत्ता चारचौघांत सांगितला तरी बिघडत नाही. शब्द मात्र दुसऱ्या कोणी वाचले तर खजिना त्याचाही झाला.

आपल्या सराफ्याची रीत याहून निराळी होती. इंदूरच्या सराफ्यात ज्यांच्या घरच्या पेढ्या होत्या, त्यांनी वाडवडिलांकडून ऐकले असेल की, हुंडी हरवली तर लिहिणारा ‘पैठ’ लिहून देई, आणि पैठही गहाळ झाली तर ‘परपैठ’. माणसाच्या हातून कागद हरवणारच, हे गृहीत धरून ती व्यवस्था उभी होती, कारण हुंडीच्या मागे ओळखीची पेढी असे. या नव्या व्यवस्थेत पैठ नाही. वेल्समधील न्यूपोर्ट गावच्या जेम्स हॉवेल्स याची किल्ली ज्या डिस्कवर होती, ती २०१३ साली कचऱ्यात गेली. तीत सुमारे आठ हजार बिटकॉइनांचा अधिकार होता. कचराभूमी खणू द्यावी म्हणून तो वर्षानुवर्षे झगडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. खतावणीत ती नाणी आजही दिसतात. पण त्यांना हात लावू शकेल असे कोणी नाही.

हे सारे मी वाचनाची हौस म्हणून शिकलो नाही. आमच्या चुलत भावाचा मुलगा २०२१ च्या वैशाखात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत गेला. वय चाळिशीच्या आत, नोकरी सॉफ्टवेअरची. मागे आई, पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. विमा, भविष्यनिर्वाह निधी, बँकेची खाती ही कामे मी सुनेबरोबर हिंडून मार्गी लावली. दोन-तीन वर्षांनी कपाट आवरताना तिला त्याच्या रोजनिशीत एक पान सापडले. एक ते बारा आकडे आणि प्रत्येकापुढे एकेक इंग्रजी शब्द, त्याच्याच अक्षरात. वाक्य नाही, अर्थ नाही. ते पान ती माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, “काका, हे काय असेल हो?”

माझा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, तेव्हा सुटीवर आला होता. तो पुण्यास याच विद्येचे शिक्षण घेतो. त्याने पान पाहताक्षणी ओळखले. “मामी, हे पाकिटाचे शब्द आहेत,” तो म्हणाला. आणि लगेच त्याने उपायही सुचवला. त्याच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक होता. त्या सहायकाला पाकिटाचे साधन जोडायचे, ‘हे पाकीट लोड कर’ असे लिहायचे, पुढे बारा शब्द द्यायचे. मग तो स्वतःच शिल्लक सांगेल आणि सांगू तेथे रक्कमही पाठवील. पाच मिनिटांचे काम!

ही योजना नीट समजावून घेणे आवश्यक होते, आणि नातवाने ती मला धीराने समजावली याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. संभाषण करणारा सहायक स्वतः केवळ मजकूर वाचतो आणि लिहितो. त्याला बाहेरची कामे करता यावीत म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा एक खुला संकेत जाहीर केला आणि इतरांनीही तो लवकरच स्वीकारला. या संकेतानुसार मध्ये एक छोटा कार्यक्रम बसवतात. त्याला साधन-सर्व्हर म्हणता येईल. आपल्याकडे कोणती साधने आहेत याची यादी तो सहायकाला देतो. सहायक त्यांतले एक निवडून आज्ञा धाडतो, सर्व्हर ती पार पाडतो आणि उत्तर परत पाठवतो. पाकिटाच्या सर्व्हरमध्ये नवे पाकीट तयार करणे, जुने लोड करणे, शिल्लक पाहणे, सही करणे, रक्कम पाठवणे अशी साधने असतात.

‘लोड करणे’ म्हटले की आपल्याला मोबाइलमधल्या पाकिटात पैसे भरणे आठवते. येथे अर्थ वेगळा आहे. काहीच भरले जात नाही. लोड करणे म्हणजे किल्ली त्या सर्व्हरच्या हवाली करणे, जेणेकरून पुढच्या सह्या त्याने कराव्यात. ती हवाली करण्याचे मार्ग सामान्यतः तीन: किल्लीची संख्या जशीच्या तशी देणे, बारा शब्द देणे, किंवा परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेली फाइल देऊन तो परवलीचा शब्द सांगणे. तिसरा मार्ग बरा दिसतो. पण फाइल आणि तिचा परवलीचा शब्द दोन्ही एकाच संभाषणात सांगितले, तर कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखे होते.

मी नातवाला तीन प्रश्न विचारले. खजिन्याच्या तपासणीला येणारे अधिकारी आम्हाला असेच प्रश्न विचारत असत.

पहिला प्रश्न: हे शब्द कोणाकोणाच्या नजरेखालून जातील? उत्तर असे की, आपण संभाषणात लिहिलेला मजकूर सहायक चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकांकडे जातो, संभाषणाच्या इतिहासात राहू शकतो, तेथून सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हरने नोंदी ठेवल्या असतील तर तेथेही उरतो. हे सारे प्रामाणिक असतील असे धरले, तरी एका कागदाच्या चार प्रती झाल्या आणि त्यांतील एकही आपल्या ताब्यात नाही.

दुसरा प्रश्न: तो सर्व्हर कोणी लिहिला, आणि आज तपासलेला कार्यक्रम उद्या तोच राहील कशावरून? असे कार्यक्रम जाळ्यावरून फुकट मिळतात आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरत असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पत्रे पाठवणाऱ्या अशाच एका साधनाचा प्रकार उघडकीस आला. त्याच्या आधीच्या आवृत्त्या निर्दोष होत्या. नव्या आवृत्तीत मात्र प्रत्येक पत्राची एक गुप्त प्रत परक्या पत्त्यावर धाडणारी एक ओळ घातलेली होती. बारा वर्षे इमानाने नोकरी केलेला पहारेकरी तेराव्या वर्षी फिरावा, तसे हे.

तिसरा प्रश्न: आज्ञा कोणाची, हे त्या सहायकाला कसे कळते? यावर नातू जरा थांबला. तो म्हणाला, “आजोबा, हीच तर या विद्येतली न सुटलेली अडचण आहे.” सहायकाला मालकाची सूचना आणि वाचायला दिलेला मजकूर हे दोन्ही शब्दांच्या रूपानेच मिळतात. एखाद्या पानावर किंवा पत्रात कोणी ‘सर्व रक्कम अमुक पत्त्यावर पाठव’ असे दडवून लिहिले, तर सहायक त्याला आज्ञा समजण्याची शक्यता असते. या फसवणुकीला २०२२ सालापासून इंग्रजीत स्वतंत्र नावही पडले आहे. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, अर्जातील मजकूर आणि त्यावरचा साहेबांचा शेरा यांतला फरक न कळणारा कारकून. ‘मला दहा हजार द्यावेत’ असे अर्जात वाचून तो थेट रक्कम मोजू लागेल. असा कारकून कितीही चलाख आणि नम्र असला, तरी त्याच्याकडे मी भक्कम खोलीची किल्ली दिली नसती.

तेव्हा मी मुलाला एवढेच म्हटले की, आपल्याला आज हवे आहे ते काय? शिल्लक किती आहे हे जाणून घेणे. खतावणी जर सर्वांना खुली आहे, तर बाकी पाहण्यासाठी किल्ली लागावी कशाला? त्याला ते तत्काळ पटले. सुनेच्या घरच्या संगणकावर दिवंगताची टपालपेटी उघडी होती. तीत नाणी घेतल्याची आणि एका पत्त्यावर हलवल्याची सूचनापत्रे सापडली. त्या पत्त्याने खतावणी पाहिली. इथर होते, घबाड नव्हे, पण मुलीच्या महाविद्यालयातील दोन-तीन वर्षांच्या शुल्काएवढे खचित होते. सून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सांगणार होते मला. राहून गेलं.”

पुढचे काम सावकाश केले. हिंदू वारसा कायद्यानुसार आई, पत्नी आणि मुलगी या तिघी वारस; म्हणून आधी लेखी संमती करून ठेवली. मग उत्पादकाकडूनच एक छोटे उपकरण मागवले. ते अंगठ्याएवढे असते. त्याला चिमुकला पडदा आणि दोन कळा असतात. बारा शब्द सुनेने स्वतः त्या कळा दाबून त्यातच घातले. संगणकात नाही, मोबाइलमध्ये नाही. या उपकरणाची रीत मला फार आवडली. किल्ली त्याच्या बाहेर कधीच येत नाही. व्यवहाराचा कागद आत जातो, सही होऊन बाहेर येतो. शिपायाला दाराशी उभे करून गठ्ठा त्याच्या हाती देण्याचीच ही रीत. रक्कम तिच्या नावाच्या, सरकारी वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे नोंदलेल्या एका बाजारातील खात्यात आणली. अशा उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर एक टक्का उद्गम कपात लागू झाली आहे. ते हिशेब कर सल्लागाराच्या हाती सोपवले. पाच मिनिटांच्या कामाला सहा आठवडे लागले. कोषालयातल्या माणसाला याचे काही वाटत नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मी त्या साधनांच्या विरुद्ध आहे. नातू तीच विद्या शिकतो आहे आणि तिच्यावरच त्याचे पोट चालणार आहे. माझे म्हणणे एवढेच की, सरकारी कचेरीतही लहानसहान खर्चासाठी एक ‘स्थायी अग्रिम’ असतो. ठराविक छोटी रक्कम कनिष्ठाच्या हाती द्यायची, तीतून त्याने खर्च करावा, हिशेब दाखवावा आणि मग पुन्हा तेवढीच भरून घ्यावी. बुडाली तर तेवढीच बुडते. यंत्र-सहायकाला पाकीट द्यायचेच असेल, तर ते स्थायी अग्रिमाचे द्यावे. नवे, वेगळे, आणि बुडाल्यास झोप उडणार नाही इतक्याच रकमेचे. शिकण्यापुरती तर खोट्या नाण्यांची चाचणी-जाळीही उपलब्ध आहेत. नातवाने हल्ली तसेच करायला घेतले आहे.

नव्या जगालाही दुहेरी कुलपाची गरज कळली आहे. अनेक किल्ल्यांपैकी ठराविक संख्येच्या सह्या झाल्याशिवाय रक्कम हलणार नाही, अशी पाकिटे आता सर्रास वापरतात. ती असावीतच. पण कुलपे दोन झाली की डोळे मिटावेत, असे नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित बायबिट या बाजाराच्या अशाच बहुकिल्ली पाकिटातून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले. सह्या करणारे खरे होते, किल्ल्याही खऱ्या होत्या. त्यांना पडद्यावर जो व्यवहार दिसत होता तो निराळा आणि सही पडत होती तो निराळा. मधल्या साधनात कोणी हात घातला होता. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने त्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. माझे पहिले वरिष्ठ अधिकारी सहीपूर्वी देयक स्वतः वाचून पाहत, कारकुनाने काढलेला गोषवारा नव्हे. त्याचे कारण हेच.

आणि याच्या उलट टोकाची गोष्ट आपल्या शेजारच्या राजस्थानात घडली. कॅनडातील क्वाड्रिगा या क्रिप्टो बाजाराचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपुरात वारला. सर्व किल्ल्या त्याच्या एकट्याच्याच जवळ होत्या, असे जाहीर झाले आणि सुमारे ७६ हजार ग्राहक हवालदिल झाले. पुढे चौकशीत कळले की, पेट्या तो जिवंत असतानाच रिकाम्या झाल्या होत्या. २०२० मध्ये तेथील नियामकांनी त्याला फसवणूकच ठरवले. एकच किल्ली एकाच माणसाजवळ असली की, तो गेल्यावर सचोटी होती की लबाडी, हे सांगायलाही कोणी उरत नाही.

आपण इकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसे. आपल्या अनेकांच्या घरी जुन्या पेट्यांत मोडीतले कागद आहेत. एखादी सनद असेल, एखादा देण्याघेण्याचा रोखा असेल. कागद राहिले, वाचणारे गेले, आणि ते कशासंबंधी आहेत हे विचारायला आता कोणी नाही. त्या रोजनिशीतले पान पाहताना मला त्यांचीच आठवण झाली. म्हणून वाचकांस माझी एक विनंती आहे. आपल्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एकदा विचारावे की, असे काही शब्द तुमच्याजवळ आहेत का. शब्द विचारू नयेत. ते आपल्यालाही कळता कामा नयेत. पण असा कागद आहे, तो अमुक ठिकाणी लाखबंद ठेवला आहे आणि प्रसंग आलाच तर तो कोणी उघडायचा, एवढे घरातल्या दोघांना ठाऊक असावे. आणि तो उघडण्याची वेळ आली, तर समोरचा कितीही चटकन काम करून देणारा असो, माणूस असो वा यंत्र, त्याला काम सांगावे. किल्ली देऊ नये.